जॅनिस चेन 'अचानक' आली नाही: इंडोनेशियाच्या टेनिसपटूंची वाट

प्रश्न असा होता: "नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईची डब्ल्यूटीए (महिलांच्या व्यावसायिक टेनिस दौऱ्यातली) स्पर्धा इंडोनेशियाच्या जॅनिस त्जेनने जिंकली. मुलगी तेवीस वर्षांची, आणि वर्ष-दीड वर्षापूर्वीपर्यंत अमेरिकेत कॉलेजकडून खेळत होती म्हणे. माझी मुलगी पंधराची आहे, राज्य पातळीवर खेळते. आम्हाला सगळे सांगतात की अठराच्या आत प्रो झाली नाही तर विषय संपला. मग इंडोनेशियासारख्या देशातून अशी एखादी अचानक कशी वर येते? तिच्याकडे बघून आम्ही काही ठरवावं का?"

आधी नाव नीट करून घेऊ. 'त्जेन' नाही, 'चेन'. इंडोनेशियन भाषा रोमन लिपीत लिहितात आणि तिचं जुनं स्पेलिंग डच वळणाचं होतं. 'च'साठी टी-जे, 'ज'साठी डी-जे, आणि 'य'साठी नुसता जे. १९७२ मध्ये सरकारने लेखनपद्धत बदलली, पण लोकांनी आडनावं जुन्याच पद्धतीने ठेवली. त्यामुळे टीव्हीवर ज्याला 'सुत्जियादी' म्हणतात ते सुचियादी, आणि 'विद्जाजा' दिसतं ते विजाया, म्हणजे मुळात आपलं विजयच. चेन चेन्नईत जिंकली एवढं लक्षात ठेवलंत की उच्चार चुकणार नाही.

आता 'अचानक'. मी बावीस वर्षं कोर्टावर शिकवतोय, आणि त्यातली बरीचशी आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, लहान स्पर्धांना मुलींबरोबर हिंडण्यात गेली आहेत. या लहान स्पर्धांत जे घडतं ते कुठेच दाखवत नाहीत, म्हणून खेळाडू वर आली की ती अचानक आल्यासारखी वाटते. जॅनिस जकार्ताची, जन्म मे २००२ चा. शाळा संपल्यावर अमेरिकेत गेली, एक वर्ष ओरेगन विद्यापीठात काढलं आणि मग कॅलिफोर्नियातल्या पेपरडाइनकडून खेळली. २०२४ मध्ये कॉलेज संपलं आणि ती पूर्ण वेळ स्पर्धांकडे वळली. २०२५ उजाडलं तेव्हा तिचं रँकिंग चारशेच्या घरात होतं. ऑगस्टमध्ये यूएस ओपनला क्वालिफायिंगचे, म्हणजे पात्रता फेरीचे, तीन सामने जिंकून मुख्य ड्रॉमध्ये (मुख्य स्पर्धेत) आली, पहिल्याच फेरीत चोविसावी मानांकित वेरोनिका कुडेरमेटोवाला तीन सेटमध्ये हरवलं, आणि दुसऱ्या फेरीत एमा राडुकानूकडून सपाटून हरली. सप्टेंबरमध्ये साओ पावलोला अंतिम सामन्यापर्यंत गेली. २ नोव्हेंबरला चेन्नईत किंबर्ली बिरेलला ६-४, ६-३ असं हरवून करंडक घेतला, आणि रँकिंग साठाच्या आत आलं.

कुडेरमेटोवावरचा तो विजय म्हणजे २००३ नंतर इंडोनेशियन खेळाडूने ग्रँड स्लॅमच्या मुख्य ड्रॉमध्ये जिंकलेला पहिला एकेरीचा सामना. चेन्नईचं विजेतेपद हे २००२ नंतरचं पहिलं डब्ल्यूटीए एकेरीचं विजेतेपद. म्हणजे मधली वीस-बावीस वर्षं रिकामी गेली. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर या रिकाम्या वर्षांत आहे. पण आधी चारशेवरून साठाच्या आत येण्याचा हिशोब बघू, कारण तो कळला नाही तर बाकीचं सगळं नशीब वाटायला लागतं.

महिलांच्या आयटीएफ स्पर्धांची नावंच त्यांचे पॉईंट सांगतात. डब्ल्यू १५ जिंकली की १५ पॉईंट, डब्ल्यू ३५ जिंकली की ३५, पुढे ५०, ७५, १००. रँकिंगसाठी मागच्या ५२ आठवड्यांतले सर्वांत चांगले १८ निकाल धरतात. आता कागद-पेन्सिल घ्या. समजा एखादी मुलगी इतकी भारी आहे की तिने वर्षभरात १८ डब्ल्यू ३५ स्पर्धा जिंकल्या, एकही हरली नाही. १८ गुणिले ३५ म्हणजे ६३०. पहिल्या शंभरात यायला साधारण सातशे-साडेसातशे पॉईंट लागतात. म्हणजे त्या पातळीवर एकही सामना न हरणारी मुलगीसुद्धा शंभराच्या बाहेरच राहते. याउलट चेन्नईसारखी डब्ल्यूटीए २५० जिंकली की एका आठवड्यात २५०, म्हणजे सात डब्ल्यू ३५ एकदम. यूएस ओपनचं क्वालिफायिंग पार केलं की ४० आणि दुसऱ्या फेरीत पोचलं की ७०, मिळून ११०. तिथे दुसऱ्या फेरीत हरणाऱ्याला २०२५ मध्ये १ लाख ५४ हजार डॉलर मिळाले, म्हणजे साधारण सव्वा ते दीड कोटी रुपये. डब्ल्यू १५ ची विजेती पाच सामने जिंकून दोन हजार डॉलरांहून थोडेसेच जास्त घेऊन जाते.

खालच्या पायऱ्यांवर खेळ सुधारतो, पैसा मात्र जातच राहतो. प्रश्न फक्त एवढाच असतो की तो कोणाचा जातो आणि किती वर्षं.

माझी एक जुनी वही आहे. एका शिष्येबरोबर मी आग्नेय आशियात तीन आठवड्यांचा दौरा केला होता, त्याचा खर्च तीत लिहिलाय. दोघांची तिकिटं, व्हिसा, दोन खोल्या, टॅक्सी, जेवण, स्ट्रिंगिंग. सगळं मिळून साडेतीन लाखांच्या वर गेलं. तीन आठवड्यांत ती चार सामने जिंकली, म्हणजे दौरा चांगलाच झाला. बक्षिसाची रक्कम पाचशे डॉलरच्या आत. वहीत स्ट्रिंगिंगपुढे मी लाल पेनाने दोनदा रेघ मारली आहे. घरी असताना गट, म्हणजे रॅकेटच्या तारा, बदलणं ही किरकोळ गोष्ट असते. पण जकार्ताच्या हवेत दुपारी दोनला खेळा म्हणजे कळतं. चेंडू फुगून कापसाच्या बोळ्यासारखा होतो, ओव्हरग्रिप (रॅकेटच्या मुठीवरची पट्टी) एका सेटमध्ये साबणासारखी निसरडी होते, आणि तीन वाजता असा पाऊस येतो की कोर्ट पुसून पुन्हा सुरू करेपर्यंत संध्याकाळ.

त्याच दौऱ्यात मी एक गोष्ट पाहिली. शेजारच्या कोर्टावर एक स्थानिक मुलगी तासभर फक्त बॅकहँडचा स्लाइस (उलट्या फिरकीचा, खाली राहणारा फटका) मारत होती. तिचे कोच बास्केटमधून चेंडू काढून तिच्या गुडघ्याच्या उंचीवर टाकत होते, आणि ती रॅकेटचं तोंड किंचित उघडं ठेवून चेंडूखालून नव्हे तर चेंडूच्या मागून, लांब, खांद्यापासून हात ओढत होती. मनगट अजिबात हलत नव्हतं. चेंडू नेटच्या वर वीतभर आणि पडल्यावर घोट्याच्या वर उठतच नव्हता. दमट हवेत फुगलेला, ओलसर चेंडू आधीच कमी उडतो, तिथे असा स्लाइस समोरच्याला वाकवून वाकवून दमवतो. आपल्याकडे मुली दोन हातांचा बॅकहँड घोटतात आणि स्लाइस 'पोचलोच नाही तर' म्हणून ठेवतात. जॅनिसचा खेळ बघून बऱ्याच जणांना ऑस्ट्रेलियाची माजी अव्वल खेळाडू ॲश बार्टी आठवते ती याच कारणाने. फोरहँड जबरदस्त, आणि दुसऱ्या बाजूला स्लाइस हे मुद्दाम निवडलेलं शस्त्र. पॉवरच्या जमान्यात हा खेळ खाली राहतो, समोरच्याची लय मोडतो. तुमच्या मुलीसाठी मला जॅनिसकडून एकच गोष्ट उचलायला सांगितली तर मी हीच सांगेन, आणि त्याला अमेरिका लागत नाही.

आता मागे जाऊ, कारण इंडोनेशियात हे पहिल्यांदा घडलेलं नाही. यायुक बासुकी हे नाव नव्वदच्या दशकात टेनिस बघणाऱ्यांना आठवत असेल. १९७० साली योग्यकार्तात जन्मलेली ही मुलगी १९९० मध्ये व्यावसायिक झाली. दुसऱ्याच वर्षी थायलंडमध्ये पट्टायाची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीए एकेरी जिंकणारी पहिली इंडोनेशियन ठरली. पुढे क्वालालंपूर, जकार्ता, पुन्हा पट्टाया, पुन्हा जकार्ता, बीजिंग. एकूण सहा विजेतेपदं. १९९७ मध्ये विंबल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोचली, जाना नोवोत्नाकडून हरली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये एकेरीत जगात एकोणिसावी झाली. दुहेरीत पुढच्या वर्षी नववी. तिच्या एकेरीच्या आकड्यापर्यंत इंडोनेशियाचं दुसरं कोणी आजवर पोचलेलं नाही.

ती सहा नावं पुन्हा वाचा. पट्टाया, क्वालालंपूर, जकार्ता, पट्टाया, जकार्ता, बीजिंग. एकही आशियाबाहेरचं नाही. युरोपात, अमेरिकेत तिला खेळता येत नव्हतं असं अजिबात नाही, विंबल्डन काय आशियात भरत नाही. पण वर्षातला जो भाग रँकिंग उभं करतो, तो तिला घरापासून काही तासांच्या विमानप्रवासात मिळत होता. जेट लॅग नाही, जेवण ओळखीचं, हवा सवयीची, आणि युरोपातल्या मोठ्या खेळाडू त्या आठवड्यांत निम्म्या उत्साहाने आलेल्या. जकार्तात तर तिच्या बाजूने स्टेडियम ओरडत होतं. आपल्याकडे आपण प्रतिभेबद्दल इतकं बोलतो की कॅलेंडरबद्दल बोलायचं राहून जातं.

आणखी एक बारीक गोष्ट, जी कोच लोकांच्याच लक्षात येते. तिचा नवरा हारी सुहार्यादी स्वतः टेनिसपटू. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत दोघांनी मिळून मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं होतं, पुढे लग्न झालं आणि तोच तिचा कोच झाला. प्रेमकथा म्हणून छान आहेच, पण हिशोब म्हणून बघा. कोच बरोबर फिरतोय आणि हॉटेलची खोली एकच लागते. वर्षाला पंचवीस आठवडे बाहेर राहणाऱ्या खेळाडूसाठी हा केवढा फरक आहे, ते माझी वही सांगेल.

डिसेंबर १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धांत तिने थायलंडच्याच तामारिन तनासुगर्नला अंतिम सामन्यात हरवून एकेरीचं सुवर्ण घेतलं. गंमत म्हणजे तामारिनही पुढे २००२ मध्ये एकोणिसावीच झाली. दोघींची उडी अगदी एकाच फांदीपर्यंत.

पण त्या सुमारास खालची जमीन सरकत होती. १९९७ च्या मध्याला डॉलरला साधारण चोवीसशे रुपिया (इंडोनेशियाचं चलन) पडत होते. वर्षभरात तो आकडा चौदा हजारांच्या पलीकडे गेला. ज्या खेळात तिकीट, हॉटेल, प्रवेश शुल्क आणि गट सगळं डॉलरमध्ये आहे, तिथे याचा अर्थ घरबसल्या समजतो. जकार्ताची डब्ल्यूटीए स्पर्धा दानामोन बँकेच्या नावाने चालायची. १९९८ मध्ये ती बँकच सरकारने ताब्यात घेतली. १९९७ नंतर जकार्ताची ती स्पर्धा राहिली नाही. यायुकची कारकीर्द तोवर उभी राहिली होती. तिच्यामागून येणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलींची मात्र पायरीच गेली.

तरीही एक आली. आंजेलिक विजाया, बांडुंगची. २००१ मध्ये सोळाव्या वर्षी विंबल्डनचं मुलींचं एकेरी जिंकलं, अंतिम सामन्यात दिनारा साफिना समोर होती. २००२ मध्ये फ्रेंच ओपनचं मुलींचं एकेरी. ज्युनियर जगात अव्वल. आणि दरम्यान २००१ मध्येच बालीची डब्ल्यूटीए स्पर्धा जिंकून बसली, तेव्हा तिचं रँकिंग पाचशेच्याही पलीकडे होतं. पाचशेच्या पलीकडची मुलगी डब्ल्यूटीएच्या मुख्य ड्रॉमध्ये कशी पोचते? वाइल्ड कार्डने, म्हणजे रँकिंग न बघता आयोजकांनी दिलेल्या जागेने. आणि वाइल्ड कार्ड बहुतेक वेळा यजमान देशाच्या मुलीलाच मिळतं. बालीला विस्मिलाक या सिगारेट कंपनीच्या पैशावर ती स्पर्धा भरत होती. सिगारेटच्या पैशावर टेनिस, याबद्दल काय म्हणायचं ते म्हणा, पण ती स्पर्धा नसती तर तो करंडकही नसता. दुसरं विजेतेपद २००२ मध्ये पट्टायाला. पुन्हा तोच पट्टा.

आंजेलिक एकेरीत ५५ पर्यंत गेली, दुहेरीत १५ पर्यंत. मग दुखापती सुरू झाल्या आणि २००८ मध्ये, वयाची चोविशी पूर्ण होण्याच्या सुमारास, तिने खेळणं थांबवलं. जॅनिस जवळपास त्याच वयात सुरुवात करतेय. "अठराच्या आत नाही तर कधीच नाही" हे वाक्य तुम्हाला जे कोणी ऐकवतात, त्यांच्यासमोर या दोघींची वयं शेजारी-शेजारी ठेवा. सोळाव्या वर्षी विंबल्डन ज्युनियर जिंकणारी चोविशीत थांबली, आणि ज्युनियर ग्रँड स्लॅमच्या विजेत्यांत जिचं नाव कुठेच नाही ती तेविसाव्या वर्षी वर येतेय. यातून लवकर सुरुवात वाईट असं सिद्ध होत नाही. शरीर कोणाचं कधी दगा देईल हे कोणीच सांगू शकत नाही, मीही नाही. फक्त घड्याळ एकच नसतं.

त्यानंतरची रिकामी वर्षं कशामुळे? एकच कारण सांगणारा माणूस खोटं बोलतो. पण इंडोनेशियात बॅडमिंटन काय आहे हे कळलं तर निम्मं उत्तर मिळतं. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिम्पिकमध्ये सुसी सुसांती आणि ॲलन बुदिकुसुमा यांनी एकेरीची दोन्ही सुवर्णं आणली. चपळ, हात हलका असलेली दहा वर्षांची मुलगी दिसली की तिथला माणूस तिला शटल देतो. जारुमसारख्या क्लबांत राहण्या-खाण्यासकट प्रशिक्षण मिळतं. आपल्याकडे क्रिकेटने मुलांचं जे केलं, तेच. टेनिसकडे उरतं ते ज्यांच्या घरी परवडतं त्यांचं. आणि ज्यांना परवडतं त्यांनाही अठराव्या वर्षी तोच प्रश्न येतो जो तुम्हाला आता पडलाय: पुढची चार वर्षं कोण पोसणार?

यावर इंडोनेशियाच्या मुलींनी शोधलेलं उत्तर म्हणजे अमेरिकन कॉलेज. जॅनिसच्या आधी ही वाट अल्दिला सुचियादीने मळवली. जकार्ताचीच, १९९५ ची. केंटकी विद्यापीठाकडून खेळली, २०१७ मध्ये बाहेर पडली, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत पालेम्बांगला क्रिस्टोफर रुंगकातबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळवलं. पुढे तिने शहाणपणाने दुहेरी निवडली. २०२२ मध्ये बोगोटाला ॲस्ट्रा शर्माबरोबर पहिलं डब्ल्यूटीए विजेतेपद आलं आणि दुहेरीत ती पहिल्या तिसात पोचली. दुहेरीत प्रवास तेवढाच, पण दुखापती कमी, आणि कारकीर्द लांबते.

अल्दिला तुम्हाला बहुधा एका विचित्र प्रसंगामुळे माहीत असेल. २०२३ च्या फ्रेंच ओपनमध्ये तिची जोडीदार मियू कातोने पॉईंट संपल्यावर सहज मारलेला चेंडू बॉलगर्लच्या मानेला लागला आणि दोघींना सामन्यातून बाद केलं. अल्दिलाने काहीच केलं नव्हतं, पण दुहेरीत शिक्षा जोडीला होते. त्याच आठवड्यात मिश्र दुहेरीच्या उपांत्य फेरीत या दोघी एकमेकींसमोर आल्या. कातो टिम प्युट्झबरोबर होती, अल्दिला मातवे मिडलकूपबरोबर. कातोची जोडी जिंकली आणि मग स्पर्धाही. त्यानंतरही दोघी जोडीने खेळत राहिल्या. माझ्या मुलींना मी हा प्रसंग सांगतो, कारण जोडीदार निवडताना फटके बघून भागत नाही. आपल्या वाचकांसाठी आणखी एक धागा: २०२४ च्या यूएस ओपनमध्ये अल्दिला मिश्र दुहेरीच्या उपांत्य फेरीत पोचली ती आपल्या रोहन बोपण्णाबरोबर.

आणि बोपण्णावरून आठवलं, हीच वाट आपल्या महाराष्ट्रातल्या मुलीनेही चाललेली आहे. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, परत आली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धांत बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण घेऊन आली. केंटकीची अल्दिला आणि टेक्सासची ऋतुजा, दोघींचं पदक एकच. तेव्हा हे इंडोनेशियाचं काही खास गुपित आहे असं समजू नका.

कॉलेज म्हणजे टेनिसला रामराम, असं आपल्याकडे अजून मानतात. प्रत्यक्षात तिथे काय मिळतं ते बघा. फी, राहणं, जेवण, कोच, फिजिओ, जिम, गट, बूट, प्रवास, पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली तर सगळं विद्यापीठाच्या खर्चाने. पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वनच्या) महिला संघाला कित्येक वर्षं आठ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या, पुरुष संघाला साडेचारच. मुलग्याच्या बापाला मी कॉलेजबद्दल जरा जपून सांगतो आणि मुलीच्या आईवडिलांना मोकळेपणाने, त्याचं कारण हे होतं. २०२५ पासून हे नियम बदललेत, आता संघाच्या आकारावर मर्यादा आहे आणि पैसा वाटण्याचं स्वातंत्र्य विद्यापीठाला. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी वेगळं विचारावं लागतं. पण मूळ गोष्ट तीच राहते: अठरा ते बावीस ही सर्वांत महागडी चार वर्षं दुसरं कोणीतरी भरतं, आणि त्या वर्षांत मुलगी आपल्याच वयाच्या, आपल्याइतक्याच तगड्या मुलींशी दर आठवड्याला सामने खेळते. शिवाय संघासाठी खेळते. चार-चार असताना शेजारच्या कोर्टावरून सात जणी ओरडताहेत, हा दबाव एखाद्या ओसाड डब्ल्यू १५ वर कधीच मिळत नाही.

तोटाही आहे. चार वर्षं रँकिंग जवळजवळ नसतंच, बाहेर पडल्यावर पुन्हा तळापासून चढावं लागतं. जॅनिसने तेच केलं, फक्त झपाट्याने. बाविसाव्या वर्षी तळाशी उभं राहून सोळा वर्षांच्या मुलींबरोबर क्वालिफायिंग खेळायला मन घट्ट लागतं. आणि दरवर्षी कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या शेकडो मुलींपैकी बहुतेक जणी पदवी घेऊन नोकरीला लागतात. त्यात वाईट काहीच नाही, पण डोळे उघडे ठेवून जा.

दुसरी वाटही आहे. २०२० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मुलींची दुहेरी इंडोनेशियाची प्रिस्का नुग्रोहो आणि फिलिपिन्सची अलेक्झांड्रा ईआला या जोडीने जिंकली. ईआला लहानपणीच स्पेनला नदालच्या अकादमीत गेली आणि २०२५ मध्ये मायामीच्या उपांत्य फेरीपर्यंत धडकली. प्रिस्काची चढण अजून लहान स्पर्धांतून चालू आहे. करंडक एकच होता. नदालच्या अकादमीचं दार प्रत्येकीला उघडत नाही, आणि माझ्या तरी ओळखीत ते स्वतःच्या पैशाने उघडू शकणारं घर नाही.

आता तुमच्या मुलीचं. पंधराव्या वर्षी शाळा सोडू नका. मी हे जरा तावातावाने सांगतोय, कारण माझी एक शिष्या चौदाव्या वर्षी माझ्याकडून एका मोठ्या अकादमीत गेली. तिथे पहिल्याच बैठकीत घरच्यांना सांगितलं गेलं की शाळा आणि टेनिस जमत नाही, मुक्त विद्यालयातून परीक्षा देऊ. सतराव्या वर्षी खांदा गेला. परत आली तेव्हा हातात धड टेनिस नाही आणि अमेरिकन कॉलेजला लागतात ते शाळेचे विषय आणि गुणही नाहीत. दुखापत कोणाची चूक नव्हती. दुसरं दार बंद करून टाकलं, ती चूक होती.

घराजवळचं कॅलेंडर वापरा. पुण्यात, नवी मुंबईत, सोलापुरात, नागपुरात महिलांच्या आयटीएफ स्पर्धा होत आल्या आहेत, मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियावर डब्ल्यूटीए १२५ झाली. पुरुषांच्या एटीपी दौऱ्यातली स्पर्धा मात्र चेन्नईहून २०१८ मध्ये बालेवाडीला आली आणि २०२३ नंतर गेलीही. जकार्ताचं जे झालं ते आपल्याकडे होत नाही असं समजू नका. स्पर्धा आहेत तोवर मुलीला तिथे न्या, खेळायला नाही तर बॉलगर्ल म्हणून, तेही नाही तर नुसतं सकाळी सातला प्रॅक्टिस कोर्टाच्या जाळीला चिकटून उभं राहायला. एखादीला रॅकेटचं तोंड उघडं ठेवून तासभर स्लाइस मारताना बघेल.

आणि बारावीनंतरचं गणित आत्ताच मांडून ठेवा. शाळा संपल्यावर दीड-दोन वर्षं नुसत्या स्पर्धा खेळत बसली तर कॉलेजकडून खेळायची तिची वर्षं कापली जाऊ शकतात, आणि बक्षिसाच्या पैशांचा खर्चाशी ताळमेळही विचारला जाऊ शकतो. तेव्हा आजपासून प्रत्येक स्पर्धेच्या पावत्या एका फाईलला लावायला लागा. तिकीट, हॉटेल, प्रवेश शुल्क, गटसुद्धा.